पहिला घास

कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात लेट्यूसचा गड्डा काढणीला आलेला असतो. दुपारच्या उन्हात त्याची बाहेरची पाने मलूल होतात. संध्याकाळच्या गारव्यात सावरतील असे वाटते; ती सावरत नाहीत. काही दिवसांत सगळी पाने जमिनीवर पसरतात आणि गड्डा हाताने उचलला तर मुळापासून अलगद सुटून येतो. खाली, खोडाच्या बुडाशी, पाणी सुटलेली तपकिरी कूज असते. तिच्यावर पांढरी, दाट बुरशी. त्या पांढऱ्यात रुतलेल्या मोहरीएवढ्या काळ्या गाठी.

तिथे या रोगाला 'लेट्यूस ड्रॉप' म्हणतात. तो बहुधा पीक तयार होताना उघड होतो. बियाणे, खत, पाणी, मजुरी सगळे देऊन झालेले असते; माल गाडीत चढायचा तेवढा राहिलेला असतो.

*

बुरशीचे नाव स्क्लेरोटिनिया. लेट्यूसवर तिच्या दोन जाती येतात: मायनर आणि स्क्लेरोशिओरम. दुसरीचा पसारा अफाट आहे. 1994 मध्ये तिला बळी पडणाऱ्या वनस्पतींची यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा ती 400 जातींच्या पुढे गेली. सूर्यफूल, घेवडा, गाजर, सोयाबीन, हरभरा. राजस्थान-हरियाणातला मोहरी पिकवणारा शेतकरी तिला खोडकुजीची बुरशी म्हणून ओळखतो.

इतके खाणारा जीव समोर आला की त्याला दुष्ट ठरवून मोकळे व्हावेसे वाटते. अभ्यासकांनी तसे केले नाही. त्यांनी तिच्यापुढे साधा प्रश्न ठेवला: तुला लागते काय?

*

शत्रूची भूक कळली की शत्रू निम्मा कळतो.

*

प्रयोगशाळेत हिचे लाड करावे लागत नाहीत. बटाट्याचा काढा, साखर आणि तो थिजवायला अगार, एवढ्यावर ती खूश असते. काचेच्या बशीत मधोमध एक कण ठेवावा. पांढरे तंतू चहूकडे धावतात आणि तीन-चार दिवसांत कडेला पोचतात. तिथे वाट संपते, खाणेही संपत येते. मग तंतू एकमेकांत गुंतू लागतात. पांढरे पुंजके होतात. पुंजक्यांवर पाण्यासारखे स्वच्छ थेंब जमतात. पुंजके करडे होतात, मग काळे, मग नखाने दाबले तरी दबू नयेत इतके टणक.

या गाठींना स्क्लेरोशिया म्हणतात. वरून काळे कवच, आत पांढरा गर, गरात पुढच्या काळाची बेगमी. अशी गाठ मातीत कित्येक वर्षे तग धरते.

भरपूर असताना ती पसरते. संपत आले की आवरून घेते. उपासाची तयारी उपासाच्या आधी करणारा जीव सहजासहजी मरत नाही.

*

1837 मध्ये, आज बेल्जियममध्ये असलेल्या मालमेडी गावच्या मारी-आन लिबेर यांनी या बुरशीचे पहिले वर्णन केले. विद्यापीठांची दारे बायकांना बंद होती त्या काळात ही बाई रानावनात हिंडून बुरश्या गोळा करत होती. शेतीचे नुकसान मोजणारे नंतर आले. आधी कुणीतरी नुसते निरखून पाहिले होते.

निरखणे हीच उपायाची पहिली पायरी, आणि तिचे मोल बहुधा फार उशिरा चुकते होते.

*

अर्ध्या शतकानंतर स्ट्रासबुर्गमध्ये अंतोन द बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने हीच बुरशी हाती घेतली. 1886 मध्ये त्याने जे लिहिले ते आजही पुसले गेलेले नाही. त्याच्या ध्यानात आले की बीजाणूतून निघालेला कोवळा तंतू निरोगी वनस्पतीवर नुसता ठेवला तर तो तिचे काही बिघडवू शकत नाही. त्याला आधी मेलेल्या, निर्जीव सेंद्रिय पदार्थावर पोसावे लागते. तिथे बळ आले की मग तो जिवंत पेशींवर चालून जातो.

परजीवी होण्याआधी ती मृतोपजीवी असते. मारण्याचा परवाना तिला मेलेल्याकडून मिळतो.

*

द बारीने आणखी एक गोष्ट पाहिली. कुजलेल्या भागाचा रस काढून तो निरोगी तुकड्यावर घातला तर तुकडा विरघळून मऊ होतो. तोच रस आधी उकळला तर त्याची ही ताकद जाते. म्हणजे बुरशी स्वतः पोचण्याआधी तिचे विकर पुढे गेलेले असतात. ती चावून खात नाही. ती समोरच्याला आधी पातळ करते आणि मग पिते.

*

आता लेट्यूसच्या वाफ्यात खाली वाकून पाहावे. थंडी-ओलावा जुळून आला की मातीतल्या स्क्लेरोशियातून बारीक दांड्या वर येतात. दांडीच्या टोकाला फिकट तपकिरी, बशीसारखी पसरट चकती उघडते. एकेका चकतीतून लाखो बीजाणू उडतात. ते एकेकटे उडत नाहीत. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की हजारो बीजाणू एकाच क्षणी सुटतात आणि आपल्यापुरता वारा स्वतःच निर्माण करतात. पुढच्यांनी हवा हलवली की मागचे त्या हवेवर दूर जातात.

एवढा खटाटोप करून बीजाणू पानावर उतरतो. पान ओले आहे, हवा थंड आहे. तो रुजतो, तंतू काढतो. पान मात्र निरोगी आहे. बीजाणूजवळचा साठा तुटपुंजा. शाबूत त्वचा फोडायला तो पुरत नाही. बळ सरते आणि तंतू तिथेच थांबतो.

तोच बीजाणू शेजारच्या म्हाताऱ्या, पिवळ्या, मातीला टेकलेल्या पानावर पडला असता, तर?

*

घेवड्यावर आणि मोहरीसारख्या पिकांवर हे काम गळून पडलेल्या पाकळ्या करतात. पाकळी सुकून पानाला किंवा खोडाला चिकटते. बीजाणू तिच्यावर रुजतो, तिला खातो, आणि तिच्याखालच्या हिरव्या भागात उतरतो. फुलोरा झाडाच्या ऐन भराचा काळ. रोगाच्या दृष्टीनेही तो ऐन भराचाच.

लेट्यूस फुलायच्या आत काढतात. म्हणून तिथे पाकळीची जागा जुनी पाने घेतात. गड्ड्याच्या तळाशी सावलीत, ओलीत, कुणाच्या नजरेला न पडणारी. शेतकऱ्याची नजर वरच्या गड्ड्यावर असते. बुरशीचा रोख खालच्या पानांवर असतो.

*

निरोगीपणाची हद्द सगळ्यात दुर्लक्षित पानापाशी ठरते.

*

भुकेने बळ येते हा आपला समज. भूक फक्त दिशा देते. बळ पहिल्या घासाने येते. तो घास ज्याने दिला, किंवा ज्याच्या दुर्लक्षाने तो पडून राहिला, त्याचाही रोगात वाटा असतो.

*

दुसऱ्या जातीचा, मायनरचा, हिशोब वेगळा आहे. सॅलिनासच्या शेतांत ती फार आढळते आणि तिथे ती बीजाणू उधळायच्या भानगडीत सहसा पडत नाही. तिच्या गाठी लहान, पण त्यांत शिदोरी बांधलेली असते. मूळ किंवा खालचे पान अगदी जवळ आले की गाठीचे कवच फुटते, आतून तंतूंचा पुंजका बाहेर येतो आणि थेट जिवंत पेशींवर जातो. मध्ये कुणाच्या दयेची गरज नाही.

पण स्वतःच्या शिदोरीवर चालणाऱ्याची मजल शिदोरीएवढीच. गाठ रोपापासून दोन-तीन सेंटीमीटरच्या पलीकडे असेल तर ती बहुधा पोचत नाही. म्हणून मायनरने किती झाडे जातील ते बहुतांशी मातीत किती गाठी आहेत यावर ठरते.

एकीला दूर जाता येते, पण पोचल्यावर कुणाचे तरी उष्टे लागते. दुसरीला कुणाचे काही लागत नाही, पण दूर जाता येत नाही. मोकळीक आणि पल्ला या दोन्ही गोष्टी एकदम फार थोड्यांच्या वाट्याला येतात.

*

'काय लागते' हा प्रश्न विसाव्या शतकात अधिक टोकदार झाला. 1941 मध्ये स्टॅनफर्डमध्ये जॉर्ज बीडल आणि एडवर्ड टेटम यांनी न्यूरोस्पोरा या बुरशीवर क्ष-किरण सोडले. ही मुळात अगदी काटकसरी. साखर, थोडे क्षार आणि बायोटिन हे एक जीवनसत्त्व दिले की बाकी सगळे ती स्वतः घडवते. किरणांनी तिच्यातले एखादे जनुक बिघडले की ती एखादी गोष्ट घडवू शकेना. 299 क्रमांकाच्या वाणाला ब-6 जीवनसत्त्व बाहेरून दिल्याशिवाय वाढता येईना. एक जनुक, एक विकर, एक उणीव. 1958 मध्ये या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या दिवसापासून जिवाची गरिबी कागदावर मांडता येऊ लागली.

*

ही युक्ती रोगाला लावून पाहिली ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, जॉर्ज काइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांची बुरशी सफरचंदावर खपली आणणारी, व्हेंचुरिया. त्यांनी तिचे अनेक पंगू वाण तयार केले. कुणाला एक जीवनसत्त्व घडवता येईना, कुणाला दुसरे, कुणाला एखादे अमिनो आम्ल. मग प्रत्येकाला सफरचंदाच्या पानावर सोडून पाहिले.

काही वाण पंगू असूनही रोग करत राहिले. बायोटिन न घडवणारा वाण पानात सुखाने वाढला, कारण पान त्याला बायोटिन पुरवत होते. काही मात्र पानावर हात टेकून बसले. रायबोफ्लेविन न घडवणाऱ्या वाणाला पानातून ते मिळेना. 1957 मध्ये या मंडळींनी आणखी एक पाऊल टाकले: जे उणे होते तेच पानावर वरून पुरवले. आणि ज्यांची रोग करण्याची शक्ती गेली होती असे वाटत होते, त्यांतले काही वाण पुन्हा रोग करू लागले.

बुरशी तीच. पान तेच. मध्ये एका द्रव्याचे थेंब.

*

या निष्कर्षापाशी मला दर वेळी थांबावेसे वाटते. आपण म्हणतो, 'ही बुरशी घातक आहे.' वाक्य असे बोलतो जणू घातकपणा तिच्या अंगात भरून ठेवलेला आहे. त्या थेंबांनी हे वाक्य मोडले. घातकपणा बुरशी आणि पान यांच्या मधल्या देण्याघेण्यात असतो. एकाला काय घडवता येत नाही आणि दुसऱ्याने काय उघड्यावर ठेवले आहे, या दोन गोष्टी जुळल्या की रोग. जुळल्या नाहीत की शेजार.

*

1956 मध्ये एडवर्ड गार्बर यांनी याला एका तर्काचे रूप दिले. यजमानाच्या आत परजीवीला दोन गोष्टी भेटतात: पोषण आणि अटकाव. पोषण पुरेसे आणि अटकाव नाही, अशी एकच परिस्थिती रोगाला फळते. पोषण आहे पण अटकावही आहे, तर रोग नाही. अटकाव नाही पण पोषणही नाही, तर रोग नाही. दोन्ही प्रतिकूल, तर प्रश्नच मिटला.

चार दारांपैकी तीन बंद असतात. जगात बहुतेक झाडे बहुतेक रोगांपासून सुरक्षित आहेत ती याच जोरावर. रोग डोळ्यांत भरतो, कारण तो अपवाद आहे. आरोग्य इतके सर्वत्र आहे की दिसेनासे झाले आहे.

*

स्क्लेरोटिनियाला मात्र असे एका उणिवेत पकडणे कठीण. तिला साखर, नत्र, थोडे क्षार मिळाले की ती आपले पुष्कळसे आपणच घडवते. म्हणून तिच्यापुढे 400 दारे उघडी आहेत. ज्याच्या गरजा थोड्या, त्याला घरे फार.

गरजा कमी असणे हा सद्गुण आहे असे आपण मुलांना शिकवतो. शिकवावेच. पण ज्याच्या गरजा कमी आहेत त्याची पोच मोठी असते, आणि पोच कुठे वापरायची हे गरजांवरून ठरत नाही.

*

आत शिरल्यावर ती ऑक्झॅलिक आम्ल सोडते. एका साध्या आम्लाकडून ती किती कामे करून घेते! ते पेशीभित्तिकेतले कॅल्शियम ओढून घेते. कॅल्शियमवर तोलून धरलेली पेक्टिनची वीण सैल होते. भोवतालची आम्लता वाढते. तिचे पेक्टिन तोडणारे विकर आम्लातच जोमाने चालतात. झाडाची पहिली सावधगिरीची हाक, म्हणजे संसर्ग होताच उसळणारा क्रियाशील ऑक्सिजनचा लोट, तीही आम्ल दाबून टाकते. पानाची रंध्रे मिटू देत नाही, म्हणून पान पाणी गमावत राहते.

दुसऱ्याच्या घरात जाऊन ती घराचे हवामानच बदलते. मग ते घर मालकाला परके होते आणि तिला आपले.

*

1990 मध्ये गोडॉय आणि सहकाऱ्यांनी हे आम्ल न घडवणारे वाण मिळवले आणि ते रोग करत नाहीत असे दाखवले. निष्कर्ष स्वच्छ होता: आम्ल नाही तर रोग नाही. पाव शतक हे सूत्र पाठ झाले. 2015 मध्ये आम्ल घडवणारे नेमके जनुक काढून टाकलेले वाण तपासले गेले. हे वाण ऑक्झॅलिक आम्ल न घडवताही काही झाडांवर रोग करू शकले. जिथे भोवताल पुरेसा आम्लधर्मी होऊ शकत होता तिथे तर ठळकपणे. महत्त्वाची ठरली ती आम्लता. ऑक्झॅलिक आम्ल हा तिच्याकडे जाण्याचा मोठा रस्ता होता, एकमेव नव्हता.

विज्ञानाचा आधार वाटतो तो इथे. ते स्वतःचे लाडके सूत्रही पुन्हा तराजूत घालते आणि उणे भरले तर तसे छापते.

*

आम्ल हे हत्यार असेल तर ते बोथट करता येईल का? 2006 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी लेट्यूसमध्ये एक परके जनुक घातले. ते ऑक्झॅलिक आम्ल फोडणारे विकर घडवते, आणि ते घेतले होते फ्लॅम्युलिना या दुसऱ्या एका बुरशीकडून. त्यांतल्या काही रोपांनी स्क्लेरोटिनियाला चांगली टक्कर दिली.

एका बुरशीपासून वाचायला दुसरीचे ज्ञान कामी आले. 'बुरशी' या जातीवर राग धरून बसलो असतो तर हे सुचलेच नसते.

*

लेट्यूसचा दुसरा मोठा शत्रू आहे केवडा. तो आणणारी ब्रेमिया बुरशीसारखी दिसते, पण खऱ्या बुरशांच्या कुळातली नाही. पानाच्या वरच्या बाजूला शिरांनी आखलेले पिवळे डाग, खालच्या बाजूला पांढरी लव.

ब्रेमियाची तऱ्हा अगदी उलटी. ती पेशी मारत नाही. पेशीच्या भिंतीतून आत एक फुगीर अवयव सारते आणि जिवंत पेशीकडून अन्न घेत राहते. काचेच्या बशीत तिला काहीही वाढा, ती वाढत नाही. बटाट्याचा काढा, साखर, जीवनसत्त्वे, सगळे फुकट. तिला जिवंत लेट्यूसच लागते.

अशा पूर्ण परावलंबी जिवांमध्ये पुष्कळदा एक गोष्ट आढळते. इतरांना सहज जमणारी रसायने घडवण्याची जनुके त्यांनी गमावलेली असतात. आयते मिळत राहिले की हातचे कसब जाते. कसब गेले की आयते देणाऱ्याला सोडता येत नाही.

*

एक मारून खाते, दुसरी राखून खाते. मारणारी 400 दारी जाते. राखणारी एकाच दारी बांधलेली. राखणाऱ्या परजीवीला दयाळू म्हणू नये. यजमानाच्या मरणात तिचेही मरण आहे, एवढेच.

शेतकऱ्याला दोन्हींचा तोटा सारखाच. उपाय मात्र एक असू शकत नाही. राखून खाणारीविरुद्ध पैदासकार रानटी लेट्यूसमधून प्रतिकाराची जनुके आणतात आणि ब्रेमिया दर काही वर्षांनी नवे रूप घेऊन ती ओलांडते. मारून खाणारीविरुद्ध अशी एका जनुकाची भिंत उभी राहत नाही. तिच्याशी लढायचे तर तिच्या अन्नाशी लढावे लागते.

*

शत्रूलाही भूक असलेले शत्रू असतात. 1947 मध्ये कॅम्बेल यांनी कॅलिफोर्नियात स्क्लेरोशियावर जगणाऱ्या एका बुरशीचे वर्णन केले: कोनियोथिरियम मिनिटान्स. ती काळे कवच भेदून आतला गर खाते. वर्षानुवर्षांच्या उपासासाठी साठवलेली बेगमी तिच्यासाठी जेवण ठरते. आज काही देशांत ती जैविक उपाय म्हणून शेतात टाकतात. मोठ्या गाठींच्या स्क्लेरोशिओरमवर तिचा गुण चांगला येतो; मायनरवर तेवढा येत नाही.

साठवण ही सुरक्षितता आहे, आणि ती हेरणाऱ्याला आमंत्रणही.

*

सगळ्यात विलक्षण कहाणी चीनमधून आली. 2010 मध्ये तिथल्या संशोधकांनी स्क्लेरोटिनियाला होणारा एक विषाणू नोंदवला. त्याची बाधा झाली की बुरशीची रोग करण्याची ताकद खूप घटते. इथपर्यंत ठीक. 2020 मध्ये त्यांनी पुढचे दाखवले: ही बाधित बुरशी तेलबियांच्या मोहरीवर्गीय पिकात शिरते, आत राहते, झाडाला मारत नाही, उलट त्याची वाढ सुधारते. त्याच सुमारास असेही दिसले की साधी, विषाणू नसलेली स्क्लेरोटिनियासुद्धा गव्हात गुपचूप राहू शकते आणि गव्हाला दुसऱ्या बुरशीजन्य रोगांशी झुंजायला मदत करते.

मोहरीच्या घरी खुनी, गव्हाच्या घरी पाहुणी. जात तीच.

*

द बारीनेच 1879 मध्ये भिन्न जिवांच्या एकत्र राहण्याला सहजीवन म्हटले होते, आणि त्यात परजीवींनाही जागा दिली होती. पुढच्यांनी परजीवींना बाहेर काढले आणि ती व्याख्या फक्त मैत्रीपुरती ठेवली. तो मूळचा मोठा मांडव मला अधिक खरा वाटतो. मैत्री आणि वैर ही एकाच शेजाराची दोन हवामाने आहेत.

*

निसर्गातून नीती उचलणे धोक्याचे असते. बुरशी मारते म्हणून मारणे क्षम्य होत नाही. पाहुणी होते म्हणून भाबडे होण्याचेही कारण नाही. तिच्याजवळ विवेक नाही, आपल्याजवळ आहे, ही दरी बुजवू नये.

पण प्रश्न विचारण्याची रीत उचलायला हरकत नसावी. माणसांत द्वेष पसरतो तेव्हा आपण पसरवणाऱ्याचे नाव शोधतो. शोधलेच पाहिजे. त्याबरोबर हेही पाहिले पाहिजे की तो पहिल्यांदा कशावर पोसला गेला. कुठला जुना अपमान कुणी उचलला नाही? कुठला अन्याय मिटला असे धरून तसाच सडू दिला? निरोगी मनावर पडलेले विषारी वाक्य बहुधा तिथेच सुकते. जुन्या कुजीवर पडले की ते रुजते, आणि मग शेजारच्या जिवंत मनात उतरते.

दोषी एक असतो. जबाबदार अनेक असतात.

*

सॅलिनासमध्ये कृष्णा सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे मायनरचा पिच्छा पुरवला. त्यांचे उपाय वाचताना डोळे दिपत नाहीत, आणि तेच मला मोलाचे वाटते. एक उपाय: लेट्यूसच्या दोन पिकांमध्ये ब्रोकोली घ्यावी आणि काढणीनंतर तिचा पालापाचोळा मातीत गाडावा, म्हणजे मातीतल्या गाठींची संख्या घटते आणि पुढच्या लेट्यूसमध्ये रोग कमी दिसतो. दुसरा: सरीतून पाणी सोडण्याऐवजी जमिनीखालून ठिबक द्यावे. मुळांना पाणी मिळते, वरचा थर कोरडा राहतो आणि बुरशीला हवी ती ओल मिळत नाही.

यांत बुरशीला ठार करण्याची भाषा नाही. तिला काय लागते हे नीट ओळखले, आणि ते तिच्या हाताशी राहणार नाही अशी शेताची घडी घातली.

*

फवारणी एका दिवसाचे काम आहे आणि तिची पावती मिळते. घडी घालणे अनेक हंगामांचे काम आहे आणि तिची पावती म्हणजे न झालेला रोग. न झालेल्या गोष्टीचे श्रेय मागता येत नाही. म्हणून हे काम तीच माणसे करतात ज्यांना पिकाची काळजी श्रेयापेक्षा मोठी वाटते.

*

बीजाणू अडवता येत नाहीत. ते स्वतःचा वारा घेऊन येतात. झाडाची पाने म्हातारी होणार, पाकळ्या गळणार, तेही अडवता येत नाही. या दोन अटळ गोष्टींच्या मध्ये थोडी जागा उरते. वाळलेले पान वेळेवर काढायचे, रोपांत अंतर ठेवायचे, वरची माती कोरडी राहू द्यायची, एकाच मातीला दर वर्षी तेच पीक मागायचे नाही. माणसाची सत्ता एवढीच, आणि ती पुरेशी ठरलेली आहे.

हे काम कंटाळवाणे आहे. त्यात शौर्य दिसत नाही. एकदा केले म्हणून ते संपत नाही. पुढच्या हंगामात पुन्हा वाकावे लागते. रोगाविरुद्ध टिकलेली बहुतेक कामे अशाच वाकलेल्या पाठींनी केलेली आहेत, आणि त्यांची दखल घेणे हे खाणाऱ्या प्रत्येकाचे देणे आहे.